किनाऱ्यावर पळवलेली आरसी गाडी आठवड्याने अडखळते : मोटर बदलण्याआधी हे तपासा

लक्षणं बहुतेक वेळा अशी असतात. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी संध्याकाळभर झकास पळते. घरी आल्यावर ब्रशने वाळू झटकली, फडक्याने पुसली, पंख्याखाली कोरडी केली आणि कपाटात ठेवली. पुढच्या रविवारी बाहेर काढली, तर सुटताना झटके देते, दोन मिनिटांत वेग पडतो, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) दिवा लुकलुकतो आणि गाडी उभी. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते, पुन्हा थांबते. कधी स्टिअरिंग आपोआप फडफडतं. नवी बॅटरी घातली की जरा बरं वाटतं. नवी मोटर घातली की काही दिवस अगदी छान. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

रत्नागिरीत आणि आसपास ज्या गाड्या माझ्यासमोर उघडल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींची कथा हीच. मोटर, बॅटरी, ईएससी असं एकेक करून सगळं बदललेलं असतं आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे. ते दुखणं म्हणजे मीठ. गाडी कोरडी केली म्हणजे साफ झाली, हा समज सोडला नाही तर यातून सुटका नाही.

कोरडं मीठ कोकणात कोरडं राहत नाही

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. गाडीच्या सांदीकोपऱ्यांत अर्धा कप पाणी जरी शिरलं, तरी ते वाळल्यावर मागे तीन-चार ग्रॅम मीठ राहतं. कुठे? बेअरिंगच्या आत, कनेक्टरच्या फटीत, स्क्रूच्या आट्यांत. तेवढं पुरेसं होतं.

साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीची आर्द्रता ९० च्या पुढे असते, आणि बाकीच्या महिन्यांतही दुपारनंतर खारे वारे आत येतातच. खडेमिठाची बरणी आषाढात पाझरते, तसंच कपाटातल्या गाडीत रोज रात्री होतं. दुपारी मीठ वाळतं, रात्री त्याचं खारं पाणी होतं, आणि गाडी जागची हलली नाही तरी धातू खात राहतं. पुण्याच्या कोरड्या हवेत हीच गाडी याच मिठासकट बराच काळ तग धरेल. म्हणून घाटावरच्या मित्राचा ‘वाळू झटकली की झालं’ हा सल्ला त्याच्या अंगणात खरा असला तरी आपल्या पडवीत चालत नाही.

मे महिन्यात चाकरमानी मुलांना गाडी आणून देतात, सुट्टीभर पुळणीवर ती पळते आणि मग ट्रंकेत जाते. गणपतीत ट्रंक उघडली की चाकं फिरत नाहीत. त्यात मुलाने काही मोडलेलं नसतं, हे घरच्यांना सांगायला हवं.

आधी निदान: बंद का पडते ते नक्की करा

गाडी थांबल्या थांबल्या दोन गोष्टी पाहा. बॅटरी काढून मल्टिमीटरने, किंवा बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलच्या बारीक वायरी जिथे येतात त्या छोट्या प्लगला) लागणाऱ्या लहान चेकरने, प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजा. आणि मोटरला, ईएससीला व मधल्या कनेक्टरला बोट लावा, बेताने.

सेल ३.८ व्होल्टवर आहेत, मोटर कोमट आहे आणि तरीही ईएससीने गाडी थांबवली, तर बॅटरी आणि मोटर दोन्ही निर्दोष समजा. दोष मधल्या वाटेत आहे. हिशेब साधा आहे. वेग घेताना गाडी ४० अँपिअर ओढते असं धरा. कनेक्टरवर हिरवा थर चढून तिथे ०.०२ ओहमचा अडथळा झाला, तर तेवढ्यानेच ०.८ व्होल्ट वाटेत गळतात. टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) त्या क्षणी दाबाखाली ७ व्होल्टच्या आसपास देत असेल, तर ईएससीपर्यंत ६.२ च पोचतात. ईएससी ज्या व्होल्टेजला गाडी थांबवते तो कट-ऑफ ६.४ वर ठेवलेला असतो, म्हणजे सेलमागे ३.२. ईएससीला वाटतं बॅटरी संपली. थांबल्यावर प्रवाह शून्य होतो, व्होल्टेज वर येतं, म्हणून गाडी पुन्हा चालू होते. नवी बॅटरी दाबाखाली थोडं जास्त व्होल्टेज धरते, म्हणून ती घातल्यावर ‘जरा बरं’ वाटतं. वाटेत गळलेल्या त्या व्होल्टची उष्णताही होते, सुमारे ३२ वॅट, तीही त्या चिमुकल्या जागी. म्हणून कनेक्टर जोडलेल्या वायरीपेक्षा गरम लागला तर दोषी सापडला.

याउलट मोटरवर बोट टिकत नसेल आणि ईएससीही तापलेली असेल, तर चाकांपासून मोटरपर्यंत काहीतरी घासतंय. तिथे बेअरिंगकडे वळायचं. कोविडच्या काळातली कपाळाला धरायची थर्मामीटर-बंदूक इथे कामाची नाही, ती माणसाच्या तापापुरतंच मोजते. कामाला येतं ते कारखान्यात वापरतात तसलं इन्फ्रारेड थर्मामीटर. मोटरचं अंग ८० अंशांच्या पुढे जाऊ लागलं की थांबायचं, उष्णतेने चुंबक कमजोर होतात.

ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरची) गाडी सुटताना नुसतीच थरथरते, पुढे जाऊ की मागे अशी अडते, आणि ढकलली की चालते, अशी तऱ्हा असेल तर मोटर आणि ईएससीमधल्या तीन वायरींचे गोल कनेक्टर एकेक करून हलवून पाहा. तिन्हीपैकी एकाचा जरी संपर्क गेला, तरी सेन्सर नसलेली मोटर अशीच वागते. हे करताना चाकं उचलून गाडी ठोकळ्यावर ठेवा आणि थ्रॉटल अगदी थोडा द्या. हवेत पूर्ण थ्रॉटल दिला तर टायर फुगतात आणि डिफवर (चाकांत वेग वाटणाऱ्या डिफरन्शियल गिअरवर) विनाकारण ताण येतो.

स्टिअरिंग फडफडत असेल तर आधी सर्व्होचा (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न, म्हणजे वरचा दांडा, सोडवा आणि पुढची चाकं हाताने वळवा. जड लागली, कुरकुरली, तर खाऱ्या गंजाने बेलक्रँक (सर्व्होची हालचाल चाकांपर्यंत नेणारा सांधा) आवळलाय आणि बिचारा सर्व्हो सतत भांडतोय. चाकं मोकळी असतील तर त्याच चॅनेलवर दुसरा चांगला सर्व्हो लावून पाहा. फडफड थांबली तर पहिल्या सर्व्होत पाणी गेलंय. त्याच्या आत जागा ओळखणारा छोटा पोटेन्शिओमीटर असतो, त्याच्या पट्टीवर खारट थर बसला की त्याला स्वतःची जागाच कळत नाही. फडफड तशीच राहिली तर रिसीव्हरच्या पिना पाहा. आणि फडफडताना वेगही तुटत असेल, तर रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेजच मधूनमधून पडतंय.

एक गोष्ट इथेच करून टाका: ट्रान्समीटरवर फेलसेफ (संपर्क तुटल्यावर गाडीने काय करायचं ती सेटिंग) ब्रेकवर लावा. किनाऱ्यावर संपर्क तुटलेली गाडी सरळ लाटेत जाते आणि मग निदानाला काही उरत नाही.

बेअरिंग

चाक काढा, १२ मिलिमीटरचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) आणि त्यातली पिन काढा, बेअरिंग बाहेर घ्या. बोटाच्या टोकावर बसवून हळू फिरवा. चांगलं बेअरिंग आवाज न करता फिरतं आणि आपोआप मंदावतं. मीठ शिरलेलं बेअरिंग एका ठिकाणी अडतं, पुढे सरकतं, पुन्हा तिथेच अडतं. डोळ्यांजवळ धरलंत तर आतल्या कड्याभोवती विटकरी रंगाची बारीक रेघ दिसेल, आणि कधी तिच्यात वाळूचा एखादा चमकता कणही. ही रेघ दिसली की ते बेअरिंग वाचवायच्या भरीस पडू नका. गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडलेले असतात, तेल घातलं तर चार दिवस गप्प बसेल इतकंच.

रेघ नसेल आणि नुसतं जड लागत असेल तर वाचतं. रबरी सील असेल तर कटरच्या टोकाने कडेने अलगद उचला, चहाच्या जुन्या गाळणीत बेअरिंग ठेवून आधी गोड्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते हमखास मिळतं. पूर्ण सुकल्यावर ग्रीस भरा. शर्यतीवाले पातळ तेल सांगतात, पण किनाऱ्याच्या गाडीला मी ग्रीसच घालतो. वेगात किंचित फरक पडतो, पण आत खारं पाणी शिरायला जागा राहत नाही.

नवीन घ्यायची तर नंबर लिहून ठेवा, म्हणजे कंपनीच्या सुट्या भागांची वाट पाहत बसावं लागत नाही. ५×११×४ मापाचं म्हणजे एमआर ११५, ५×१०×४ म्हणजे एमआर १०५, १०×१५×४ म्हणजे ६७००, आणि ८×१६×५ म्हणजे ६८८. पुढे ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याची झाकणं, ‘टू-आरएस’ असेल तर रबरी. आपल्याकडे डोळे मिटून टू-आरएस.

खोबरेल तेल मात्र नको. घरात असतं, हात सहज जातो, पण ते कालांतराने चिकट होतं आणि वाळू धरून ठेवतं. गंजरोधक स्प्रेही बेअरिंगमध्ये मारू नका, तो आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतो. आणि न धुतलेल्या मिठावर स्प्रे मारणं म्हणजे मीठ आत कोंडून ठेवणं.

कनेक्टर आणि वायरी

कनेक्टरवरची हिरवट पूड दिसते, म्हणून सगळे तीच घासतात. खरं दुखणं बरेचदा आत असतं. सोल्डरच्या जागेपासून बारीक तारांच्या मधून खारं पाणी सिलिकॉनच्या आवरणाखाली वर चढत जातं. कनेक्टरच्या मागचं आवरण अर्धा इंच सोलून पाहा. तार लखलखीत लालसर किंवा चंदेरी असेल तर उत्तम. काळपट आणि मळकट असेल, आणि सोल्डर तिच्यावर न धरता गोळी होऊन घरंगळत असेल, तर ती तार गेलेली आहे. फ्लक्स ओतून जबरदस्तीने सोल्डर चिकटवू नका, वरून चकचकीत दिसेल आणि आत अडथळा तसाच राहील. स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे कापा. वायर आखूड पडली तर नवी घ्या.

जुन्या पद्धतीचा पांढऱ्या प्लॅस्टिकचा मोठा कनेक्टर गाडीवर असेल, तर तो काढून एक्सटी-६० लावा. संपर्काची जागा मोठी, पकड घट्ट, आणि धुवायला सोपा. जोडण्याआधी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. सर्व्होच्या आणि रिसीव्हरच्या लहान प्लगांना साधी पेट्रोलियम जेलीही चालते, आपण इन्व्हर्टरच्या टर्मिनलला लावतो तीच. मोठ्या प्रवाहाच्या कनेक्टरला ती नको, गरम झाली की वितळून वाहून जाते.

लायपोच्या बॅलन्स प्लगकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याच्या पिना हिरव्या पडल्या की चार्जरला सेलचं व्होल्टेज चुकीचं दिसतं आणि तो चार्ज करायला नकार देतो. पिना अल्कोहोलने साफ करून पुन्हा मोजा. मात्र पॅक फुगलेला असेल किंवा खाऱ्या पाण्यात बुडून निघाला असेल, तर तो चार्जरला लावूच नका. घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवा.

काळी रेती

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंडाची खनिजं असतात. ती मोटरच्या चुंबकाकडे ओढली जातात. मोटरच्या हवेच्या भोकांत आणि शाफ्टभोवती काळी मिशी फुटल्यासारखा थर दिसला तर तो हाच. ब्रशने तो जात नाही, इकडचा तिकडे सरकतो. चिकटपट्टी उलटी गुंडाळून तिच्या चिकट बाजूने टिपून घ्या, भोकांत फुंकर मारू नका. ब्रश असलेल्या उघड्या मोटरीत ही रेती कम्युटेटरवर (कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या भागावर) पोचली की कार्बन ब्रश झपाट्याने झिजतात. अशा मोटरीने काळ्या पट्ट्यात जाऊच नये, पांढऱ्या वाळूवर खेळावं.

धुवायची पद्धत

बंदरावर आउटबोर्ड इंजिन वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवून काढतात. आपल्यालाही नेमकं तेच करायचं आहे. पाण्याला घाबरायचं कारण नाही, फक्त ते पाणी गोडं हवं.

पाच लिटरचा कॅन गाडीसोबत न्या आणि पुळणीवरून निघण्याआधीच पहिली धुलाई करा, मीठ ओलं असतानाच. बॅटरी काढा, बॉडी काढा, वरून पाणी ओता. प्रेशर पंप नको, तो सीलच्या आत पाणी ढकलतो. ईएससी, सर्व्हो आणि रिसीव्हरचा डबा वॉटरप्रूफ असेल तरच असं धुवा. नसतील तर ती गाडी ओल्या वाळूवर नेऊच नका. आणि ‘वॉटरप्रूफ’ या शिक्क्याचा अर्थ एवढाच की आतल्या सर्किटला पाणी लागत नाही. त्याच गाडीची बेअरिंगं, स्क्रू, कनेक्टर आणि ईएससीवरचा पंखा यांना मिठाचं वावडं आहेच. पंखा तर सगळ्यात आधी जातो, प्रत्येक वेळी बोटाने फिरवून बघत जा.

घरी आल्यावर दुसरी धुलाई, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घातलेल्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. मग शेवटचं पाणी. इथे एक स्थानिक अडचण आहे. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. त्याने धुतलं तर मीठ काढलं तितकं परत घातलं. काचेवर विहिरीच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकून वाळू द्या. जाड पांढरं कडं उरलं तर शेवटच्या धुलाईला फिल्टरचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, लिटरभर पुरतं. पावसाळ्यात प्रश्नच नाही, पागोळीखाली बादली लावा. पहिल्या सरी जाऊन कौलं धुतली गेली की ते पाणी उत्तम.

आता टायर. रिमला हवेची भोकं असतात, त्यांतून खारं पाणी आतल्या फोमपर्यंत जातं आणि फोम ते पिऊन बसतो. धुतल्यावर टायर कानाजवळ दाबून पाहा, चुळुक असा आवाज आला तर आत पाणी आहे. बाकी गाडी कितीही धुतलीत तरी हा फोम पुढचे कित्येक दिवस हेक्सवर आणि बेअरिंगवर खारं पाणी झिरपवत राहतो, शिवाय एका बाजूला जड झालेलं चाक वेगात थडथडतं. चाकं गोड्या पाण्यात बुडवून दाबा, पिळा, पुन्हा बुडवा. कायमचा उपाय म्हणजे रिमची भोकं चिकटपट्टीने बंद करायची आणि टायरच्या पृष्ठभागावर मधोमध दोन बारीक भोकं समोरासमोर पाडायची. चाक फिरलं की पाणी आपसूक बाहेर फेकलं जातं.

चाकं वेगळी ठेवून गाडी मागच्या बाजूने दांडीला टांगा आणि सायकलच्या पंपाने कनेक्टरांत व बिजागऱ्यांत हवा मारा. उन्हात तापवू नका, रात्रभर पंखा पुरे. सुकल्यावरच बिजागऱ्यांच्या पिना आणि स्क्रूंना गंजरोधक द्या. अॅल्युमिनियमच्या भागात स्टीलचे स्क्रू असतील तर एकदा सगळे काढून ग्रीस लावून बसवा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं, आणि मग स्क्रू निघताना आटेच सोबत घेऊन येतो.

ठेवण्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल. लहानसा आर्द्रतामापक आत टाकला तर जेल कधी तापवून पुन्हा वापरायची ते कळतं. बॅटरी वेगळी, सेलमागे ३.८ व्होल्टवर.

पुळण की सडा

रोज खेळायचं असेल तर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जा. जांभ्याची लाल धूळ त्रासदायक असते, तेलात मिसळली की गिअर झिजवते, पण ती मिठासारखी गाडी खात नाही. कोरडी असताना झटकली की निघते. पावसात सड्यावर साचणारं पाणी गोडं असतं, तिथे ओली झालेली गाडी एका धुलाईत साफ होते. फक्त कातळशिल्पांच्या जवळपास चाक फिरवू नका. कातळावरचं कोरीवकाम झिजलं तर ते परत येणार नाही, आणि पावसाळ्यात सड्यावर फुलणारी इवली झाडंही तुडवू नका. किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे महिने. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत गाडी नेऊच नये, आणि कुंपण दिसलं की तिथून लांबच राहावं.

सगळं धुतलं, बेअरिंगं नवी घातली, तारा स्वच्छ आहेत आणि तरीही मोटर तापतेय, तर पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर) पाहा. मोकळी वाळू चाकं धरून ठेवते, डांबरावर बरोबर वाटणारं पिनियन तिथे जड पडतं. पुळणीवर जाताना दोन-तीन दात कमी असलेलं पिनियन लावा आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या घट्ट ओल्या पट्ट्यावर चालवा. पिनियन बदलल्यावर स्पर गिअरशी (पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या गिअरशी) जुळणी करताना दोन्हींच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटरचे स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी काढा. ती चुरगळून पण न फाटता बाहेर आली की अंतर बरोबर आहे. सड्यावर परत जाताना मोठं पिनियन पुन्हा घाला.